चाळीस दिवस इंटरनेट सोडताय? आधी दोन शब्द बोलू



येत्या 18 फेब्रुवारीला राखेचा बुधवार. तिथपासून 5 एप्रिलच्या ईस्टरपर्यंत उपवासकाळ. वसईत दवाखाना सुरू करून मला पंचवीस वर्षं होऊन गेली. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण माझे निम्म्याहून जास्त पेशंट कॅथलिक आहेत. त्यामुळे उपवासकाळ जवळ आला हे मला कॅलेंडर न बघता कळतं. उपवासाच्या दिवशी शुगरच्या गोळ्या कशा घ्यायच्या, हे विचारायला लोक येऊ लागतात. काही पुरुष मंडळी "डॉक्टर, चाळीस दिवस दारू बंद!" असं मोठ्या आवाजात जाहीर करतात आणि बायको मागे उभी राहून हसते. (जाता जाता सांगतो, ज्याला रोज आणि भरपूर लागते त्याने ती एका दिवसात सोडू नये. हात थरथरणं, भास होणं, आकडी येणं असे प्रकार होतात. आधी मला येऊन सांगा.)

गेल्या काही वर्षांत यात एक नवीन संकल्प आला आहे. "या वर्षी मटण नाही, इंटरनेट सोडतोय." ही कल्पना तशी अगदी कालची नाही. इटलीतल्या मोडेनाच्या आर्चबिशपांनी 2009 मध्येच लोकांना उपवासकाळातल्या शुक्रवारी एसएमएस पाठवू नका असं आवाहन केलं होतं. पोप फ्रान्सिस यांनीही 2020 च्या राखेच्या बुधवारी टीव्ही बंद करा, मोबाइलपासून दूर व्हा आणि बायबल उघडा असं सांगितलं होतं.

मला हा संकल्प मनापासून आवडतो. पण मी तो जसा सर्रास सुचवायचो, तसा आता सुचवत नाही. त्याचं कारण तुम्हाला सांगायलाच हवं, कारण चूक माझी होती.

आमच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना टीचर म्हणतात, मीही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय अडुसष्ट, यजमान वारलेले, मुलगा कुवेतला. एका वर्षी राखेच्या बुधवारच्या तोंडावर त्या आल्या. झोप लागत नाही आणि बीपी 160 च्या खाली उतरत नाही. चौकशी केली तर कळलं, रात्री साडेबारा-एकपर्यंत हातात मोबाइल. फेसबुक, रील, फॉरवर्ड आलेले व्हिडिओ, त्यातले निम्मे कुठल्या तरी आजाराची भीती घालणारे. मी बीपीची गोळी बदलली, दहा दिवसांनी सोडियम-पोटॅशियमची तपासणी करायला लिहून दिलं आणि हसत हसत म्हणालो, "टीचर, या उपवासकाळात मोबाइलच सोडा ना!"

टीचर शिस्तीच्या. त्यांनी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. पूर्ण बंद. शिवाय वय साठच्या पुढे गेलेलं असूनही त्या एकवेळ जेवून उपवास करत होत्या आणि "उपवासात पाणी भरपूर प्यावं" म्हणून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होत्या.

दहा दिवसांनी त्यांनी रक्त दिलं. रिपोर्ट आला, पण व्हॉट्सॲपवर. आता बहुतेक लॅब तसाच पाठवतात. तो कपाटातल्या बंद मोबाइलवर पडून राहिला. मीही रिपोर्टची आठवण ठेवली नाही, विचारणा केली नाही. आठवड्याने शेजारीण त्यांना रिक्षातून घेऊन आली. चालताना तोल जात होता, दोन दिवस मळमळ होती, आणि मला त्या "फादर" म्हणून हाक मारत होत्या. सोडियम 121. ते 135 ते 145 च्या दरम्यान असावं लागतं. कपाटातल्या रिपोर्टमध्ये ते 128 होतं, म्हणजे वेळेत पाहिलं असतं तर गोळी बदलून काम भागलं असतं.

हे का घडलं ते समजून घ्या, कारण ही गोळी तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांची नावं. चांगली, स्वस्त, जुनी औषधं आहेत. पण वयस्कर माणसांत, विशेषतः बायकांत, त्यांनी सोडियम उतरू शकतं. त्यात जेवण कमी झालं की शरीरात मीठ आणि प्रथिनं कमी जातात, मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी बाहेर टाकणं जमत नाही आणि रक्त पातळ होत जातं. मेंदूला सूज येते. माणूस गोंधळतो, पडतो, आकडीही येऊ शकते. उपचार दवाखान्यात ॲडमिट करूनच, आणि सोडियम हळूहळू वाढवावं लागतं, घाईने वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. टीचर पाच दिवस ॲडमिट होत्या. (हे वाचून गोळी मनाने बंद करू नका. तपासणी वेळेवर करा, एवढंच.)

मुलगा कुवेतहून आठवडाभर फोन लावत होता. लागत नव्हता. आईने कळवलं होतं, "उपवासकाळ आहे, मोबाइल बंद ठेवते." म्हणून त्यानेही फार ताणलं नाही. एरवी रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. तो चालू असता तर आईचं बोलणं अडखळतंय हे त्याला माझ्या आधी कळलं असतं. मी सोडायला सांगितलं ते रात्रीचं स्क्रोलिंग. पण त्याबरोबर त्यांचा मुलगा आणि त्यांची लॅब, दोन्ही तुटले.

चर्चच्या नियमात आजाऱ्यांचा विचार आधीच केलेला आहे. उपवासाचं बंधन 18 ते 59 वयापर्यंत, मांस वर्ज्य करण्याचं 14 वर्षांपासून, आणि आजारी माणसाला दोन्हींतून सूट. शेकडो वर्षांचा अनुभव त्यामागे आहे. मोबाइलच्या उपवासाला असा नियम अजून कोणी घालून दिलेला नाही, म्हणून सूट कोणाला आणि कशातून, हे आपल्यालाच ठरवावं लागेल.

माझं मत असं. "इंटरनेट सोडतो" असा संकल्प करू नका. गॅसचा नंबर, बँक, मुलांच्या शाळेचा ग्रुप, रेल्वेचं तिकीट, लॅबचा रिपोर्ट, सगळं त्यातच आहे. तिसऱ्या दिवशी काहीतरी अडतं, संकल्प मोडतो, आणि एकदा मोडला म्हणून मग रीलही सुरू होतात. त्याऐवजी नाव घेऊन सोडा. इन्स्टाग्राम सोडलं. रात्री नऊनंतर मोबाइल सोडला. यूट्यूबवरचे आजारांचे व्हिडिओ सोडले (हे कराल तर मी तुमचा ऋणी राहीन).

यामागे थोडा आधारही आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटंच वापरायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासी दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. लक्षात घ्या, त्यांनी शून्य केलं नव्हतं, कमी केलं होतं. त्याच वर्षी तिथल्या निवडणुकीआधी केलेल्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासात लोकांनी चार आठवडे फेसबुक पूर्ण बंद ठेवलं. रोजचा सुमारे तासभर वाचला, मन थोडं बरं झालं. "थोडं" हा शब्द मुद्दाम लिहितो आहे. पण चार आठवडे संपल्यावरही बऱ्याच जणांचा वापर आधीपेक्षा कमी राहिला, आणि मला त्यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

झोपेचं म्हणाल तर स्क्रीनच्या निळ्या उजेडाचा फार बाऊ झाला आहे. त्याचा परिणाम असतो, पण लहान. माझ्या पेशंटमध्ये झोप मोडते ती दोन साध्या कारणांनी. मोबाइल झोपेची वेळच खाऊन टाकतो आणि जे बघतो त्याने डोकं तापतं. म्हणून निळा उजेड अडवणारा चष्मा घेऊन रात्री बारापर्यंत राजकारणावर भांडणाऱ्याला काही फायदा होत नाही. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा आणि दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. हा उपाय मी इतक्या जणांना सांगितला आहे की समोरच्या घड्याळवाल्याने मला कमिशन द्यायला हवं.

पहिले तीन-चार दिवस चैन पडणार नाही. हात आपोआप खिशाकडे जाईल, चिडचिड होईल. दारूसारखा धोका यात नाही, ते ओसरतं. रिकामा वेळ मात्र रिकामा ठेवू नका, नाहीतर टीव्ही तो भरून काढेल. तुमच्याकडे शुक्रवारी क्रुसाची वाट असते, संध्याकाळी रोझरी असते. एकत्र केलेलं सोपं जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून हाच अनुभव आहे. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की मोबाइल-टीव्ही बंद, साडेआठला दुसरा भोंगा. एकट्या घराला जे जमलं नसतं ते गावाला जमलं.

काही जणांनी मात्र स्वतःच्या मनाने हा उपवास करू नये. नैराश्यावर उपचार चालू असतील आणि बोलायला जवळची माणसं मोबाइलवरच भेटत असतील तर तो धागा तोडू नका. घरातला मुलगा दिवसरात्र गेममध्ये असेल, तर "उपवासकाळ आहे" म्हणून त्याच्या हातातून मोबाइल हिसकावू नका. गेमचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नोंदलेला आजार आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक चालतं. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि ईस्टरच्या सोमवारचं आधीच ठरवा. लंडनच्या एका जुन्या अभ्यासात 96 जणांना नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला दोनशेच्या वर. म्हणजे चाळीस दिवसांनी आपोआप काही होत नाही. उपवासकाळात येणारे सहा रविवार त्या चाळिसात धरत नाहीत, म्हणून काही जण रविवारी "सुट्टी" घेतात. ती घ्यायची की नाही ते तुमचे फादर सांगतील. डॉक्टर म्हणून विचाराल तर मोबाइलच्या बाबतीत रविवारची सुट्टी मला बरी वाटते. कमी वापरायचं कसं, याचा तो सरावच असतो.

टीचर परवा येऊन गेल्या. आता गोळी दुसरी आहे, बीपी 136, सोडियम 139. यंदाचा संकल्प त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणला होता. फेसबुक बंद. नऊनंतर मोबाइल स्वयंपाकघरात. मुलाचा कॉल चालू. लॅबचा रिपोर्ट शेजारणीच्या नंबरवरही येईल. जेवण दोन्ही वेळ. मी सही केल्यासारखी खालीच एक रेघ मारली. मग त्या म्हणाल्या, "आणि डॉक्टर, तुम्ही काय सोडताय? मी समोर बसलेली असते तेव्हा तुम्ही तीनदा मोबाइल बघता."

तेव्हा सर्व पेशंटना सूचना. 18 फेब्रुवारीपासून तपासणीच्या वेळेत माझा मोबाइल बाहेर कंपाउंडरकडे असेल. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलात तर तो मी दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता बघेन. त्याच दिवशी माझं उत्तर आलं नाही तर मी बघितला असेल असं समजू नका, दवाखान्याच्या लँडलाइनवर फोन करा. तातडीचं असेल तर वाट न बघता सरळ या.