डोक्याला मार लागलाय? मग पोराला बाहेर काढा!

दिवाळी झाली की गावोगावी कबड्डीचे सामने. फ्लेक्सवर चाळीस फोटो, उद्घाटनाला आमदार, रात्रभर डीजे. आणि पकडीत दोन पोरांची डोकी एकमेकांवर आपटली की उपचार काय? तोंडावर तांब्याभर पाणी आणि "काय नाय झालं, खेळ!"

झालेलं असतं हो. मेंदू कवटीत हिंदकळतो. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, रक्त यावं लागत नाही. सीटी स्कॅनसुद्धा बऱ्याचदा नॉर्मल येतो. पोरगं गोंधळतं, तोच तो प्रश्न विचारतं, उलटी करतं. अशात दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन कोवळी पोरं दगावू शकतात. आणि वर्षानुवर्षं मार खाल्ले तर? अमेरिकन फुटबॉलचा माइक वेबस्टर २००२ साली पन्नाशीत गेला. त्याच्या मेंदूची झीज कळली ती शवविच्छेदनानंतर.

क्रिकेटला अक्कल आली. आयसीसीने २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली द्यायची सोय केली. २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, चहल उतरला. (त्याने तीन विकेट काढल्या, ऑस्ट्रेलियावाले चिडले, ते सोडा.) हेल्मेटवाल्या जडेजाला विश्रांती आणि उघड्या डोक्याच्या आमच्या पोराला पाणी? ही कुठली मर्दानगी?

आयोजकांनो, यंदा नियम लावा. डोक्याला लागलं की खेळाडू त्या दिवशी बाहेर, डॉक्टर सांगेपर्यंत परत नाही. शब्द पंचाचा चालेल, संघमालकाचा नाही. डॉक्टरला पैसे नाहीत म्हणता? एका रात्रीचा डीजे कमी करा.