मधल्या माणसाचा पगार

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. पाऊस चांगला होणार, असे खात्याने सांगितले. त्या भरवशावर चाड्यावर मूठ धरली. मग पावसाने ओढ दिली आणि बियाण्या-खताचा पैसा मातीत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. बियाणे आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांशी संगनमत करून असे अंदाज दिले जातात, असा आरोपही त्या तक्रारीत होता.

खात्याने त्या वर्षी एप्रिलमध्ये दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के आणि जूनमध्ये ९८ टक्के पावसाचे भाकीत केले होते. हंगाम संपला तेव्हा देशाची सरासरी ९५ टक्के भरली. शास्त्राच्या हिशोबाने अंदाज ठरलेल्या मर्यादेत बसला. आनंदगावचे नुकसानही तितकेच खरे होते. तो आकडा चार महिन्यांचा आणि अख्ख्या देशाचा. पेरणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत माजलगावात पाऊस टिकेल की खंड पडेल, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. ही साधी गोष्ट पेरणीआधी, मराठीत, जिल्हाधिकारी, कृषी अधीक्षक आणि बँकांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून कुणीतरी सांगायला हवी होती. ते सांगणे कुणाच्याच नोकरीचा भाग नव्हते. आजही ते पक्केपणाने कुणाचे काम नाही, आणि त्यासाठी कुठल्याही अंदाजपत्रकात ठरलेला पैसा नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

मोजण्यावर आणि गणित मांडण्यावर सरकार खर्च करते, आणि तो करायलाच हवा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला. तो आणि नोएडाचा ‘अरुणिका’ मिळून ८५० कोटींचा प्रकल्प. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली आली. राज्याने २०१७ पासून ‘महावेध’ योजनेत महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. दर गुरुवारी हवामान खात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो, तर परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला. एवढे सगळे बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दाराशी येऊन थांबते. आत बसलेल्या अधिकाऱ्याला या कागदावरून टँकरचे, चाऱ्याचे, धरणाच्या दरवाजांचे आज नेमके काय ठरवायचे, हे सांगणारा माणूस मात्र तिथे नाही.

असा माणूस देण्याचा एक प्रयत्न झाला होता. ग्रामीण कृषी मौसम सेवेतून २०१८ पासून देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. केंद्रामागे एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, एवढाच पसारा. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. माहिती आता आपोआप गोळा होते, सल्लाही यंत्राने देता येईल, असा त्यामागचा विचार. हा विचार आम्हाला मुळातच चुकीचा वाटतो. मोबाइलवरचा संदेश शेतकऱ्याला उद्याच्या फवारणीपुरता उपयोगी पडेल. पण टंचाई आराखड्यात किती गावे धरायची, यावर चाललेल्या बैठकीत हात वर करून ‘साहेब, या आकड्याचा अर्थ तसा नाही’ असे म्हणण्याचे काम मोबाइल करत नाही.

अशा माणसावाचून चाललेल्या जिल्ह्यात काय घडते, याचा पुरावा बीडच्या नावानेच देशभर गेला आहे. २०२० च्या खरिपात पीक विम्यासाठी या जिल्ह्यात कंपन्या पुढे येईनात. भरपाईचा बोजा त्यांना परवडत नव्हता. अखेर भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर ८०:११० चे सूत्र ठरले: जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने सोसायची, त्यापुढची राज्याने, भरपाई कमी गेली तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकीची रक्कम राज्याला परत करायची. हाच तो ‘बीड पॅटर्न’. हवामानाची जोखीम या जिल्ह्यात वाढली आहे, हे धोरण ठरवणाऱ्यांना अखेर समजले ते विमा कंपन्यांच्या नफा-तोट्यातून. शास्त्रज्ञांकडे त्याची नोंद आधीपासून होती. मध्य भारतात पावसाचे एकूण प्रमाण घटत असताना एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, हे केंद्राच्याच पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. तो अहवाल इंग्रजीत आहे आणि संपूर्ण देशाबद्दल आहे. त्यातून बीडमधल्या पाटोद्यासाठी किंवा गेवराईसाठी काय निघते, हे कुणी लिहून काढायचे?

हा प्रश्न २०२५ च्या सप्टेंबरने फार कठोरपणे विचारला. बीडमधला आष्टी हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा तालुका. तिथे पुरात अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. सिंदफणा आणि गोदावरीकाठची शेते पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी मातीचा थरच वाहून गेला. ऑक्टोबरमध्ये राज्याने मराठवाड्यासह पूरग्रस्त भागांसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. ज्या जिल्ह्यात २०१९ च्या उन्हाळ्यात शेकडो चारा छावण्या चालवाव्या लागल्या, तिथे धरणातले पाणी सोडण्याचा निर्णय कोणत्याही अभियंत्याला सोपा नसतो. माजलगाव किंवा मांजरा धरण भरत आले असताना पुढच्या पाच दिवसांत मोठा पाऊस येण्याची शक्यता साठ टक्के आहे, असे कळले तर काय करायचे? आधी पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात लातूर, अंबाजोगाई, केज तहानेने व्याकूळ होणार. सोडले नाही आणि आभाळ फाटले, तर खालची गावे बुडणार. साठ टक्के म्हणजे काय, मागच्या हंगामांत असा अंदाज किती वेळा खरा ठरला, किती पाणी सोडले तर ते परतीच्या पावसात भरून येण्याची आशा धरता येते, हे त्या रात्री अभियंत्याच्या शेजारी बसून सांगणारा जाणकार हवा. तो नसेल तर सगळी जबाबदारी एकट्या अभियंत्यावर पडते, आणि चौकशीच्या भीतीने तो वरच्या आदेशाची वाट पाहतो. एवढ्या थोरल्या निर्णयात माणसाला असे एकटे सोडणे अन्यायाचे आहे.

दुष्काळाचेही तेच. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर दुष्काळ पावसाचा खंड, जमिनीतील ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ अशा निर्देशांकांवर ठरतो. २०२३ मध्ये राज्यातल्या ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात बीडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. आष्टी-पाटोदा का नाही, हे त्या निर्देशांकांवरून गावकऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना उलगडून सांगणे हा निर्णयाचाच भाग मानला पाहिजे. ते सांगितले जात नाही, म्हणून प्रत्येक यादी राजकीय वाटते.

जागतिक पातळीवर ही गरज फार आधी ओळखली गेली. १९८८ मध्ये स्थापन झालेले हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळ आपल्या प्रत्येक मोठ्या अहवालाबरोबर धोरणकर्त्यांसाठी वेगळा सारांश काढते, आणि सरकारांचे प्रतिनिधी शास्त्रज्ञांसमोर बसून त्याची ओळ न् ओळ मंजूर करतात. ती बैठक खर्चाची आणि वेळखाऊ असते, पण त्यामुळे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणायची सोय सरकारांना उरत नाही. आपल्या राज्यानेही ‘टेरी’ संस्थेकडून, ब्रिटनच्या हवामान विभागाच्या सहकार्याने, हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा आराखडा करून घेतला. तो २०१४ मध्ये तयार झाला, त्यावरचे धोरण २०१७ मध्ये आले. मधली तीन वर्षे मराठवाड्याने काय भोगले, हे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली त्या २०१६ वरून आठवावे. राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पात मात्र एक चांगले उदाहरण घडले. बीडसह पंधरा जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून अधिक गावांसाठी मुंबईच्या आयआयटीने पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली, आणि संशोधन गावाच्या आराखड्यात उतरू शकले. ते शक्य झाले, कारण त्या कामासाठी प्रकल्पात पैसा ठेवलेला होता.

बीडसाठी आमची मागणी छोटी आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात तीन माणसांचा कायम कक्ष असावा: एक हवामानशास्त्र शिकलेला, एक भूजल आणि धरणांचे पाणी जाणणारा, एक हे सगळे नेमक्या मराठीत मांडू शकणारा. परभणीच्या विद्यापीठाशी आणि पुण्याच्या संस्थेशी त्यांची रीतसर बांधणी असावी. मे महिन्यात खरीप आढावा बैठकीपूर्वी, ऑगस्टअखेर धरणे भरताना आणि ऑक्टोबरमध्ये टंचाई आराखड्यापूर्वी त्यांनी दोन पानांचे टिपण जिल्हा नियोजन समितीसमोर ठेवावे, आणि समितीने त्यावर काय ठरवले हे इतिवृत्तात नोंदवावे. पैसा नाही, हे उत्तर मान्य होण्यासारखे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीचा दहा टक्के हिस्सा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी धरला होता. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी वेगळी तरतूद असते. याच राज्याने २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी ३० कोटी मंजूर केले होते. त्याच्या अगदी लहानशा भागात असा कक्ष कित्येक वर्षे चालेल.

हा पैसा सरकारीच असला पाहिजे, याबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. विमा कंपनीने, बियाणे कंपनीने किंवा खतांच्या उत्पादकाने सामाजिक दायित्वाच्या नावाने तो देऊ केला तरी घेऊ नये. २०१७ च्या त्या तक्रारीतला आरोप खरा होता की नाही, यापेक्षा तो शेतकऱ्याच्या मनात आला, ही बाब अधिक गंभीर आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या खासगी अंदाजांकडे शेतकरी वळतात, तेही त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या मंडळाचे नाव घेऊन कुणीतरी बोलते म्हणून. सरकारी शास्त्राला तो विश्वास मिळवायचा असेल, तर ते सांगणाऱ्याचा पगार कुठून येतो, हे कुणालाही उघड दिसले पाहिजे. आणि तो पगार अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा नसावा. जिल्ह्याचे दहा पावसाळे पाहिलेल्या माणसाचे म्हणणे बैठकीत ऐकले जाते. दर वर्षी बदलणाऱ्याचे नाही. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ही तीन पदे आणि त्यांची तरतूद घेण्याची जबाबदारी पालकमंत्र्यांची आहे, आणि तसा ठराव मांडण्याचा अधिकार समितीच्या प्रत्येक सदस्याला आहे.