लय पडला, घेऊ काय?

"मामा, लय पडला ना हा शेअर. घेऊन टाकू काय?" भाच्यानं मोबाइल पुढं केला. नझारा टेक्नॉलॉजीज, मुंबईची गेमिंग कंपनी. ऑगस्ट 2025 मध्ये त्यानं भाव पाहिला होता चौदाशेच्या आसपास, सप्टेंबर संपता संपता तीनशेच्या खाली.

यातली बरीचशी पडझड नुसती दिसण्यापुरती. सप्टेंबरात कंपनीनं शेअर दोन तुकड्यांत विभागला, वर एकास एक बोनस दिला. एकाचे चार झाले. 2022 सालीही एकास एक बोनस होता. म्हणजे मार्च 2021 च्या आयपीओत 1,101 रुपयांना मिळालेल्या एका शेअरचे आज आठ आहेत, एकाची मूळ किंमत साधारण 138 रुपये. हा भागाकार न करता 'स्वस्त मिळतोय' म्हणणारी पोरं वाशिमच्या पाटणी चौकात रोज भेटतात.

खरी पडझडही झालीच. 20 ऑगस्टला लोकसभेनं, 21 ला राज्यसभेनं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. नझाराचा शेअर पहिल्याच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त घसरला. कंपनी म्हणाली, आमच्या उत्पन्नात अशा खेळांचा पैसा धरलेलाच नाही. ते खरं होतं. पण 'पोकरबाजी' हा पैसे लावून खेळायचा ऑनलाइन पोकर चालवणाऱ्या कंपनीत तिची 46 टक्के भागीदारी होती, आणि तिथं घातलेला पैसा काही परका नव्हता.

सरकारी धोरणानं भाव कसा पडतो, हे पाहायला आता सोयाबीन घ्या. 2021 च्या ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला आणि भाव कोसळला. डिसेंबरात सेबीनं वायदेही बंद केले. 'परत दहा हजार होईल' म्हणून ज्यांनी थप्पी लावून ठेवली, त्यांची पोती वाशिम-रिसोडकडं अनेकांनी पाहिली आहेत. धोरणानं पडलेला भाव वाट पाहून वर येईलच, असं नसतं.

गेमिंगमध्ये हे दोनदा घडलं. सप्टेंबर 2023 मध्ये गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला सुमारे 11,139 कोटींची जीएसटी नोटीस आली. कंपनीच्या त्या वेळच्या बाजारमूल्याच्या दुपटीहून जास्त! तो शेअर 'पडला म्हणून' घेणाऱ्याच्या धाडसाला माझा नमस्कार.

उलटंही होतं. अमेरिकेत ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड 2021 मध्ये छळाच्या तक्रारींनी आणि खटल्यांनी घसरली, पण 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळणारे कुठं गेले नव्हते. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं शेअरमागे 95 डॉलर देऊन कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. तिथं बदनाम झालं होतं व्यवस्थापन, धंदा शाबूत होता.

म्हणून मंदीत गेमिंगचा शेअर घ्यायचाच असेल, तर भावाच्या आलेखाआधी वार्षिक अहवाल उघडा आणि कोणत्या खेळातून किती पैसा येतो, कोणत्या कंपनीत किती हिस्सा आहे, ते पान शोधा. पैसे लावायचे खेळ दिसले तर पुढं वाचूच नका. आणि पेरणीसाठी ठेवलेले पैसे किंवा पीककर्ज डीमॅट खात्यात अजिबात घालू नका.