पन्नासचा ठेका कोण धरणार?

५ एप्रिल २०२०. लॉकडाउनचे पहिले दिवस. तुम्ही तेव्हा शाळेत असाल आणि रात्री नऊ वाजता घरातले दिवे घालवून गॅलरीत पणती नाहीतर मोबाइलचा टॉर्च घेऊन उभे राहिला असाल. नऊच मिनिटं. पण तेवढ्यात देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच परत वर चढली. अख्ख्या महाराष्ट्राला भर उन्हाळ्यात जवळपास तेवढी वीज लागते. आपण स्टेटसला पणत्यांचे फोटो टाकत होतो, तेव्हा ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रापासून दिल्लीपर्यंत कंट्रोल रूममधली माणसं एकाच आकड्याकडे बघत बसली होती. पन्नास हर्ट्झ.

आकडा हलला, पण हाताबाहेर गेला नाही. फ्रीक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. जलविद्युत केंद्रांनी मिनिटागणिक निर्मिती कमी केली आणि दिवे परत लागताच तशीच वाढवली. कोळशाच्या संचांना हे इतक्या झटपट जमत नाही. पाण्याचं तसं नाही, दरवाजे बंद केले की टर्बाइनचा जोर कमी होतो.

हे सगळं आज का काढलं? कारण त्या रात्री ज्या यंत्रांनी देश सांभाळला, त्यांचा विषय आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ‘केटीवाला सब्जेक्ट’ म्हणून ओळखला जातो. इलेक्ट्रिकलच्या कुणालाही विचारून बघा. सिंक्रोनस मशीन म्हटलं की तोंड वाकडं होतं. ‘फेजर डायग्राम पाठ कर, व्ही-कर्व्ह काढ, सुटशील,’ असा सल्ला मिळतो. इतर शाखांच्या मुलांना तर हे नावच माहीत नसतं. मी स्वतः मास कॉमची विद्यार्थिनी. बारावीनंतर फिजिक्सशी माझा काही संबंध उरला नव्हता. पण गेले काही आठवडे या विषयात डोकं घातल्यावर माझं मत ठाम झालंय. हा विषय फक्त इलेक्ट्रिकलच्या मुलांवर सोडण्यासारखा नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. अवघड नाही.

मधोमध फिरणारा रोटर असतो. त्याच्या गुंडाळीत डीसी करंट सोडला की तो मोठा चुंबक होतो. त्याच्याभोवती स्थिर असतो तो स्टेटर. त्यात एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या तीन गुंडाळ्या असतात. टर्बाइनने रोटर फिरवला की चुंबक प्रत्येक गुंडाळीसमोरून जातो आणि तिच्यात व्होल्टेज तयार होतं. आधी एकीत, मग दुसरीत, मग तिसरीत. झाली आपली थ्री फेज. चुंबकाला दोनच ध्रुव असतील तर एका फेरीत एक आवर्तन पूर्ण होतं. सेकंदाला ५० आवर्तनं हवीत, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातले संच असेच फिरतात. जलविद्युतची यंत्रं संथ असतात, म्हणून त्यांना ध्रुव जास्त. सोळा ध्रुव असतील तर मिनिटाला ३७५ फेऱ्यांत काम भागतं. फेऱ्या वेगळ्या, पण ठेका तोच, पन्नासचा.

आता गणपतीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. पन्नास ढोल असतात, प्रत्येकाचा हात वेगळा, ताकद वेगळी, तरी ठेका एकच. ‘सिंक्रोनस’ म्हणजे हेच. फरक इतकाच की हे पथक काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलंय. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात जोडलं गेलं. हो, आपल्या सोलापूरमार्गे. तेव्हापासून तमिळनाडूतला आणि पंजाबातला रोटर एकाच तालात चालतात. त्यांच्यामध्ये लोखंडी दांडा नाही, पट्टा नाही. आहे फक्त चुंबकीय ओढ.

ही ओढ रबरासारखी असते. टर्बाइनने जास्त जोर लावला की रोटर ग्रिडच्या ठेक्यापेक्षा काही अंश पुढे सरकतो. वेग तोच राहतो, फक्त जागा थोडी पुढची. या कोनाला लोड अँगल म्हणतात, पुस्तकातला डेल्टा. कोन वाढला की रबर ताणलं जातं आणि जास्त पॉवर बाहेर जाते. पण कोनाच्या साइनच्या प्रमाणात. त्यामुळे साध्या गोल रोटरच्या यंत्रात नव्वद अंशांपर्यंतच वाढते. त्यापुढे ताणलं तर ओढ वाढायच्या ऐवजी कमी होते, रबर सुटतं आणि रोटर ठेक्यातून निसटतो. परीक्षेत पाच मार्कांना येणारा हा आलेख प्रत्यक्षात काय करू शकतो, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. बिना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली, उत्तरेकडचं ग्रिड पश्चिमेशी एका ठेक्यात राहू शकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. पश्चिमेचं, म्हणजे आपलं ग्रिड तगलं.

या यंत्राचा आणखी एक गुण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. त्याचं वजन. रसवंतीचं जड चाक बघितलंय? उसाची जाड मोळी आत घातली की चाक जरासं दबतं, पण थांबत नाही, कारण फिरण्यातच त्याने ऊर्जा साठवलेली असते. शेकडो टनांचा टर्बाइन-रोटरही तसाच. कुठेतरी एखादं केंद्र अचानक बंद पडलं तर पहिल्या क्षणाला तूट कोण भरून काढतं? ऑपरेटर नाही, कॉम्प्युटरही नाही. देशभरातले सगळे रोटर किंचित मंदावतात आणि आपली साठवलेली ऊर्जा ग्रिडला देतात. कुणीही बटण न दाबता. याला इनर्शिया म्हणतात.

थोडा हिशोब करू. ग्रिडच्या यंत्रांमध्ये पूर्ण लोड चार सेकंद ओढता येईल इतकी ऊर्जा फिरतेय असं धरा. दोन टक्के निर्मिती अचानक गेली तर सुरुवातीला फ्रीक्वेन्सी सेकंदाला ०.१२५ हर्ट्झने घसरू लागेल. आता निम्मी फिरती यंत्रं काढून तिथे तेवढ्याच क्षमतेचे सोलर पॅनल लावा. तीच तूट, पण घसरण सेकंदाला ०.२५. आपल्या ग्रिड कोडने आखलेला पट्टा आहे ४९.९० ते ५०.०५. म्हणजे पन्नासवरून खालची हद्द ओलांडायला आधी ०.८ सेकंद लागले असते, आता ०.४. बॅकअप यंत्रणेला जागं व्हायला मिळणारा वेळ निम्मा.

पॅनल फिरत नाही. त्यातून डीसी येतो आणि इन्व्हर्टर त्याचा एसी करतो. आज वापरात असलेले बहुतेक इन्व्हर्टर पथकात नव्याने आलेल्या पोरासारखे असतात. ते दुसऱ्यांचा ठेका ऐकून वाजवतात. ठेका धरणारे जुने हात आहेत तोवर उत्तम. तेच कमी झाले तर हे कुणाचं ऐकणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लगेच ‘बघा, सोलर वाईट’ अशी फॉरवर्ड सुरू होतील. मुद्दा तो नाहीच. देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला आणि तो वाढायलाच हवा. राज्यात सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येत असेल तर त्याला नाकं मुरडणाऱ्याने एकदा जानेवारीत रात्री दोन वाजता बारे द्यायला जावं. प्रश्न वेगळा आहे. कोळशाचा संच बंद करताना त्याच्यासोबत फुकटात मिळणारी इनर्शिया आणि व्होल्टेज सांभाळण्याची ताकदही जाते. ती दुसरीकडून आणायची तर आत्ता ठरवावं लागेल, आणि ते ठरवणारी माणसं लागतील.

व्होल्टेजचा मुद्दा २८ एप्रिल २०२५ ला जगाने बघितला. भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. पहिल्याच दिवशी सोशल मीडियाने सोलरला फासावर चढवलं. तपासात आलेलं चित्र जास्त गुंतागुंतीचं होतं. व्होल्टेज वर चढत गेलं, केंद्रं एकामागून एक ट्रिप झाली आणि ते आवरण्याची क्षमता त्या दिवशी कमी पडली. सिंक्रोनस मशीनमध्ये रोटरचा डीसी करंट कमी-जास्त करून नेमकं हेच काम करता येतं. तुम्ही पाठ करता ना तो व्ही-कर्व्ह? त्याचा अर्थ हा. करंट वाढवला तर यंत्र ग्रिडला रिॲक्टिव्ह पॉवर देतं, कमी केला तर ओढून घेतं.

उपाय आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६ मध्ये वादळात अख्खं राज्य अंधारात गेलं होतं. त्यांनी पवनचक्क्या मोडीत काढल्या नाहीत. त्यांनी चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. म्हणजे टर्बाइन नसलेली, नुसती ठेक्यात फिरत राहणारी सिंक्रोनस यंत्रं. शिवाय मोठ्या बॅटऱ्या लावल्या. स्वतः ठेका धरू शकणारे ‘ग्रिड फॉर्मिंग’ इन्व्हर्टरही आता येताहेत. पण या इन्व्हर्टरचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी काय यावं लागतं? ते ज्याची नक्कल करतात ते सिंक्रोनस मशीन.

कॉम्प्युटर सायन्सच्या मंडळींनो, जाऊ नका, हा भाग तुमचाच आहे. या यंत्राचं गणित सुरुवातीला फार किचकट होतं, कारण रोटर फिरतो तशी गुंडाळ्यांची इंडक्टन्स सतत बदलते. ब्लाँडेल या फ्रेंच इंजिनीअरने दोन अक्षांवर विचार करायची वाट दाखवली आणि १९२९ मध्ये रॉबर्ट पार्क या अमेरिकन इंजिनीअरने ती पुढे नेली. कल्पना जत्रेतल्या चक्रीसारखी आहे. जमिनीवर उभं राहून बघाल तर सगळे गरगरताना दिसतात. चक्रीत जाऊन बसाल तर शेजारचा शेजारीच दिसतो, स्थिर. पार्कने स्टेटरच्या तिन्ही राशी रोटरवर बसून बघितल्या आणि सारख्या बदलणाऱ्या राशी स्थिर आकडे झाल्या. डी अक्ष आणि क्यू अक्ष. कॉलेजच्या पार्किंगमधल्या अनेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये परमनंट मॅग्नेट सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा कंट्रोलर हेच गणित सेकंदाला हजारो वेळा करतो. (पार्क आणि पार्किंगचा संबंध नाही, मी तपासलं.)

मग आपण हे शिकवतो कसं? मी दोन-तीन कॉलेजांच्या लॅब बघितल्या, नावं नको. एका सेटभोवती दहा जण. एक जण ऱ्हिओस्टॅट फिरवतो, एक जण आकडे लिहितो, बाकीचे मोबाइलमध्ये. रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून येतात, तीच तीन वर्षं. सिंक्रोनायझेशनचा प्रयोग मात्र कुणी खरोखर करून दाखवला तर खोलीत शांतता पसरते. मशीन आणि सप्लायच्या मध्ये तीन दिवे लावलेले असतात. ठेका जुळत नसतो तोवर ते एकदम उजळतात, एकदम विझतात. वेग जुळत आला की उजळणं-विझणं संथ होत जातं. पूर्ण विझलेल्या क्षणी स्विच दाबायचा, आणि यंत्र देशाच्या ग्रिडला जोडलं जातं. हा प्रयोग ‘वेळेअभावी’ फक्त लिहून घेतला जातो, हे मला फार लागलं. अभ्यासक्रमात तो असून उपयोग काय, प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा स्वतः केला पाहिजे, आणि एक्सटर्नलने व्हायवात विचारायचं तर तेच विचारावं.

आमच्या पत्रकारितेच्या वर्गातही वेगळी परिस्थिती नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. बातम्यांत ‘तांत्रिक बिघाड’, आणि काही महिन्यांनी ‘सायबर हल्ला झाला की नाही’ यावर राज्य आणि केंद्राची वेगवेगळी विधानं. बाहेरची लाइन तुटली तर मुंबईने स्वतःच्या ठेक्यावर चालायचं, अशी आयलंडिंगची व्यवस्था होती. त्या दिवशी शहरातली निर्मिती मागणीपेक्षा फारच कमी पडली, फ्रीक्वेन्सी घसरली आणि संच बाहेर पडत गेले. याबद्दल किती मथळे आठवतात? पुढच्या वेळी मंत्री हजार मेगावॅटची घोषणा करतील तेव्हा प्रेस कॉन्फरन्समध्ये कुणीतरी विचारायला हवं की साहेब, यासोबत इनर्शिया किती आणि व्होल्टेज कोण सांभाळणार? आमच्यापैकी कुणीतरी.

आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला जाताना एक गोष्ट आधीच ठरवून जा. दिवे विझल्यावर स्विच कोण दाबणार?