ओझं वाहणाऱ्याचं मरण कोण मोजतं?

आमच्या अभ्यासगटात मी पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी सैनिकांचा विषय काढला, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "लढाया पुरुषांच्या, साम्राज्य गोऱ्यांचं. यात बाईचा प्रश्न कुठे आला?" दुसरी हळहळली, "त्यांना पदकं, स्मारकं तरी द्यायला हवी होती." माझं दोघींशीही भांडण आहे.

पुण्यात खडकीच्या वॉर सिमेटरीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात वारलेल्या १९३ आफ्रिकी सैनिकांची स्मृती जपलेली आहे. पुण्यात राहून आपल्यापैकी किती जणी तिथे गेल्या आहेत? पण त्यांची निदान नोंद आहे. त्याआधीच्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत मेलेल्या बहुतेकांची तेवढीही नाही.

१९१४ ते १९१८ या काळात आजच्या टांझानिया, केनिया, मोझांबिक भागात ब्रिटिश आणि जर्मन लढत होते. त्सेत्से माशीमुळे घोडे, खेचरं, बैल मरत. रस्ते नव्हते. मग तोफांच्या सुट्या भागांपासून पिठाच्या पोत्यांपर्यंत सगळं माणसांच्या डोक्यावर. ब्रिटिशांनी दहा लाखांच्या आसपास आफ्रिकी हमाल कामाला लावले, बरेचसे सक्तीने. सुमारे ९५ हजार मेले. गोळीने थोडेच, बाकीचे हगवणीने, हिवतापाने, उपासमारीने.

ही हगवण कुठून आली, ते जरा बघू. हमालांना भरड मक्याचं पीठ दिलं जाई. कित्येकांना घरी केळी किंवा वेगळं धान्य खायची सवय होती. दिवसभर ओझं वाहून आल्यावर ओल्या सरपणावर, अपुऱ्या भांड्यांत ते पीठ अर्धंकच्चं शिजे आणि आतडी सोलवटून काढी. घरी दळण, सरपण, पाणी, रांधणं बायका करत होत्या. सेनापतींनी काडतुसांचा हिशेब केला. दळणा-रांधणाचा करावा लागतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते 'आपोआप' होतं ना! आता सांगा, बाईचा प्रश्न कुठे आला?

हमाल 'सैनिक' धरला गेला नाही. ज्याच्या हातात बंदूक तो लढला, ओझं वाहणाऱ्याने नुसती 'मदत' केली. शेतकऱ्याच्या बायकोला जनगणनेत 'काही काम करत नाही' म्हणणाऱ्यांची भाषा आपण ओळखतोच. लंडनच्या वसाहत खात्यातल्या एका अधिकाऱ्याने तर लिहून ठेवलं, की या प्रकाराचा बभ्रा झाला नाही, कारण सर्वांत जास्त सोसलं ते हमालांनी, आणि त्यांची फिकीर कोणाला? मेलेल्यांची न दिलेली मजुरी सरकारातच राहिली. वारसांचा पत्ता लागत नाही, म्हणे. माणूस न्यायला त्याच खेड्याचा पत्ता बरोबर सापडला होता.

जर्मनांच्या आफ्रिकी शिपायांबरोबर, म्हणजे अस्कारींबरोबर, त्यांच्या बायकामुलंही चालत. बायका सामान वाहत, रांधत, वाटेतच बाळंत होत. काही जणी तर पळवून आणलेल्या. म्हणून अस्कारींना नुसतं बिचारं ठरवायलाही मी तयार नाही. इकडे मध्य टांझानियातल्या गोगो लोकांचं धान्य आणि गुरं दोन्ही फौजांनी उचलली, माणसं हमालीला नेली, वर पाऊस रुसला. १९१७ नंतरच्या त्या दुष्काळात हजारो लोक मेले. ते युद्धातले मृत नव्हेत?

आता पदकवाल्या मैत्रिणीसाठी. नैरोबीत स्मारक आहे. तीन पुरुषांचे ब्राँझचे पुतळे, त्यात एक हमालही. खाली किपलिंगचे शब्द, आशय असा की देशासाठी लढून मेलात तर तुमचे मुलगे तुमचं नाव स्मरतील. देश कोणाचा? नाव कुठे लिहिलंय? आणि मुलगेच का? १९२३ साली पश्चिम आफ्रिकेतला एक ब्रिटिश गव्हर्नर म्हणाला होता, की तिथल्या सामान्य माणसाला थडग्यावरचा दगड कळणारच नाही. युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगाने हा भेदभाव मान्य करून माफी मागितली ती २०२१ मध्ये. किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंद नाही, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत. बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले.

माफी मागितली, ठीक. पण त्या आकड्यातही गोगोंच्या बायका नाहीत, फौजेमागे चालता चालता मेलेल्या नाहीत. नैरोबीतलं करिओकोर आणि दार-एस-सलाममधलं करियाकू ही वस्त्या-बाजारांची नावं 'कॅरियर कोअर' या हमालदलावरूनच पडली. मजुरी मात्र त्यांच्या विधवांपर्यंत पोचली नाही. पुढच्या बैठकीत आपण पदकांवर नाही, त्या मजुरीवर बोलू.