मेनूकार्डात नसलेली भाकरी
(द्वितीय वर्ष, कला)

परदेशातल्या ‘इंडियन’ हॉटेलात जेवून आलेल्या दोन माणसांना विचारून पाहावे. एक म्हणेल, ‘आठ दिवस पाव खाऊन कंटाळलो होतो, तिथे वरणभात समोर आला आणि डोळ्यांत पाणी आले.’ दुसरा म्हणेल, ‘कसले भारतीय नि कसले काय! सगळ्या भाज्यांना एकच चव, आणि बिल मात्र सोन्याच्या भावाचे.’ खरे कोणाचे मानायचे?

मी परदेश पाहिलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि घाट उतरून मुंबईला गेलो तोही दोनदाच. तरी या विषयावर लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे वाटते. शनिवार-रविवारी मी लोणावळ्याजवळच्या एका हॉटेलात वाढप्याचे काम करतो, आणि जग फिरून आलेली माणसे जेवताना मोठ्याने बोलतात.

गेल्या आषाढातली गोष्ट. भुशी धरणावर भिजून एक कुटुंब जेवायला आले. मुलगा इंग्लंडात स्थायिक झालेला, बरोबर बायको, मुले आणि म्हातारे वडील. मुलगा सांगत होता, ‘तिकडे एकाच पातेल्यातला रस्सा. कोंबडी घातली की एक नाव, कोळंबी घातली की दुसरे.’ एवढे सांगून त्यांनी पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी आणि नान मागवले. मला मनात हसू आले. आमच्या भटारखान्यातही सकाळीच दोन मोठी पातेली चढतात, एक लाल ग्रेव्हीचे, एक पांढऱ्या. दिवसभराच्या साऱ्या भाज्या त्या दोन पातेल्यांतूनच जन्म घेतात. गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत ताट हवे असते. दुसरे करणार काय? लंडनला तेच, लोणावळ्याला तेच.

मग त्या आजोबांनी मला जवळ बोलावून हळूच विचारले, ‘बाळ, भाकरी मिळेल का रे?’

मी म्हणालो, ‘नाही आजोबा, कार्डात नाही.’

मित्रहो, मी खोटे बोललो नाही. पण खरेही बोललो नाही. त्याच वेळी मागच्या मोरीवर माझी आई भांडी घासत होती आणि तिच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि कुर्डूची भाजी होती. ‘आईला विचारून आणतो,’ असे मी म्हणू शकलो असतो. म्हटले नाही, कारण मोरीवरची ती बाई माझी आई आहे हे त्या टेबलाला कळू नये असे मला वाटले. हे छापायला देताना हात अडखळतो. पण ते वगळले तर या लेखाला अर्थ उरत नाही.

तेव्हापासून परदेशातल्या हॉटेलांना नावे ठेवणाऱ्यांचे मला पूर्वीसारखे पटत नाही. लंडनमध्ये १८१० साली पाटण्याच्या दीन महंमद यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. दोनच वर्षांत, १८१२ साली, त्यांचे दिवाळे निघाले. १९२६ साली तिथेच ‘वीरास्वामी’ सुरू झाले आणि नावारूपाला आले. पुढे इंग्लंडात ‘इंडियन’ पाटी लावून ज्यांनी गावोगाव हॉटेले चालवली, त्यांच्यातले पुष्कळसे आजच्या बांगलादेशातील सिल्हेटकडचे. घरी ते जेवत मासे आणि भात. गिऱ्हाइकाला वाढत त्याला रुचेल तो गोडसर लाल रस्सा. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा आपला खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. याला फसवणूक म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. परमुलखात पोट भरायला गेलेल्या माणसाने शोधलेली ती वाट होती. आमच्या हॉटेलातला उस्ताद गढवालचा आहे. तो मावळात बसून गुजरातच्या नि मुंबईच्या पाहुण्यांसाठी पंजाबचे जेवण रांधतो आणि रात्री स्वतः डाळभात खातो. त्याला खोटा कोण म्हणेल?

पण याची दुसरी बाजूही आहे. २०१० साली लंडनच्या हाउन्स्लो भागात सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईच्या कॉलेजातल्या दोन मित्रांनी वडापाव विकायला सुरुवात केली. मंदीत सोहनींची नोकरी गेली होती. त्यांनी वड्याला दुसरे नाव दिले नाही; वडापाव म्हणूनच विकला आणि तो चालला. दादर स्टेशनबाहेर कष्टकऱ्याच्या भुकेसाठी जन्मलेला पदार्थ लंडनमध्ये ताठ मानेने उभा राहतो आणि मावळची भाकरी मात्र मावळातल्याच मेनूकार्डात नाही! वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज महाराष्ट्रभर नावाजला जातो. आमच्या हॉटेलात मात्र ‘जीरा राइस’ लांब दाण्याचाच लागतो.

‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या हल्ली रस्त्यारस्त्याला दिसतात, हे मी विसरलेलो नाही. त्यांचे मला कौतुक आहे आणि शंकाही आहे. चूल दर्शनी भागात मांडली, पण तिच्यापुढे धूर खाणाऱ्या बाईची मजुरी मोरीवरच्या बाईइतकीच राहिली, तर बदलले काय? पदार्थाला मान द्यायचा तर तो करणाऱ्या हाताला आधी द्यायला हवा. पाहुण्यानेही चव नापसंत पडली तर जरूर सांगावे. पण ‘हे खरे नाही’ असा निकाल देण्यापूर्वी, ‘हे कोणी रांधले, आणि ते स्वतः काय जेवतात?’ एवढे विचारावे.

त्या रात्री घरी जाताना मी आईला सगळे सांगितले. मला वाटले, ती दुखावेल. ती म्हणाली, ‘आरं, मंग द्यायची व्हती की. म्हातारं माणूस. तीन व्हत्या डब्यात.’

पुढच्या स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतील. नेहमीप्रमाणे चायनीज असेल, पाणीपुरी असेल. असू द्या, मीही खाईन. पण एक स्टॉल इंद्रायणी भाताचा, हुलग्याच्या पिठल्याचा आणि भाकरीचा असावा, अशी माझी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. भाकऱ्या भाजायला आमच्या आयांना बोलवावे, आणि त्यांच्या कामाचे रोख पैसे त्यांच्या हातात द्यावेत. त्या दिवशी वाढायचे काम मी करीन. आणि कोणी विचारले, तर भाकरी कोणी केली तेही सांगेन.