स्वभावाला औषध नाही, मंत्रचळाला आहे

हात पुनःपुन्हा धुणाऱ्या किंवा लावलेले कुलूप दहा वेळा ओढून पाहणाऱ्या माणसाला ‘मंत्रचळ लागला’ असे म्हणून आपण हसतो, आणि कचेरीतले दप्तर तसूभरही इकडचे तिकडे होऊ न देणाऱ्या कारकुनालाही त्याच पंगतीत बसवतो. परंतु मानसशास्त्राने या दोहोंत केलेला भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. काटेकोर स्वभावाच्या मनुष्यास आपली शिस्त योग्यच वाटते आणि जाच होतो तो बहुधा भोवतालच्यांना. मंत्रचळाच्या रुग्णास मात्र आपला विचार निरर्थक आहे हे बहुतेकदा कळत असूनही तो आवरत नाही. १९०८ मध्ये फ्रॉइडने टापटीप, कृपणता व हट्ट या गुणांची एकत्र सांगड घातली खरी, पण भीतीला सामोरे जाऊन कृती रोखून धरण्याची जी पद्धत मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडली, तिने मंत्रचळावरील उपचाराची वाट मोकळी केली.

१९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवरून मानसोपचारतज्ज्ञापर्यंतची वाट दुर्गम असली, तरी सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. तेव्हा हसणे सोडावे, आणि रुग्णास उपचारापर्यंत न्यावे.